रत्नपरीक्षा

शाळेच्या वार्षिकांत दूरचित्रवाणीच्या एखाद्या मालिकेवर लेख यावा, हें कांहीं पालकांस रुचणार नाहीं. मुलें आधींच पडद्याला चिकटून बसलेलीं असतात. शिक्षकांनीं त्यांना आणखी उत्तेजन कशाला द्यावें, असें ते म्हणतील, आणि त्यांचें म्हणणें अगदींच अयोग्य आहे असें नाहीं. परंतु मुलें पाहणारच असतील, तर त्यांनीं चांगलें असेल तें पाहावें, आणि जें चांगलें तें दोन वेळां पाहावें, असें आमचें मत आहे. पहिल्या वेळीं आपण गोष्ट पाहतों. पुढें काय होणार या उत्कंठेंत मन गुंतलेलें असतें. दुसऱ्या वेळीं शेवट ठाऊक असतो, मन मोकळें असतें, आणि पहिल्या वेळीं नजरेआड राहिलेलीं माणसें दिसूं लागतात. अशा एका पुनर्दर्शनानें आमच्या मनांत जो विचार उभा राहिला, तो विद्यार्थी व पालक या दोघांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मालिकेचें नांव 'स्टार ट्रेक'. 8 सप्टेंबर 1966 रोजीं ती अमेरिकेंत सुरू झाली. मूळ मालिकेचे 79 भाग 1969 सालापर्यंत दाखविले गेले. पुढें त्याच नांवानें नवनव्या मालिका व चित्रपट निघाले, आणि आज साठ वर्षें होत आलीं तरी हा वेल वाढतोच आहे. 1980 च्या दशकांत आपल्या दूरदर्शननेंहि मूळ मालिका दाखविली होती. पालकांपैकीं कित्येकांना ती स्मरत असेल. 1979 च्या पहिल्या चित्रपटांत तर मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांची प्रमुख भूमिका होती. विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ असें जे मानतात, त्यांना आम्ही डॉ. जयंत नारळीकर यांची आठवण करून देतों. या थोर खगोलशास्त्रज्ञानें 1974 सालीं 'कृष्णविवर' ही आपली कथा नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस पाठविली, आणि तिला पहिलें पारितोषिक मिळालें. विश्वाचें गूढ उकलणाऱ्या बुद्धीला कथा लिहिणें कमीपणाचें वाटलें नाहीं. मग आपण कथा पाहण्यांत कमीपणा कां मानावा?

आम्ही ज्या भागाविषयीं लिहीत आहों त्याचें नांव 'दि एम्पथ'. दुसऱ्याचें दुःख आपल्या अंगीं भोगणारी व्यक्ति, असा त्याचा आशय. 6 डिसेंबर 1968 रोजीं तो प्रथम दाखविला गेला. त्या वर्षीं मालिकेचे दिवस फिरले होते. खर्चाला कात्री लागली होती, आणि प्रक्षेपणाची वेळ शुक्रवारी रात्रीं दहाची, म्हणजे तरुण प्रेक्षक घराबाहेर असण्याची, ठरविली गेली होती. कथा जॉइस मस्कॅट नांवाच्या बाईंनीं लिहिली होती. त्या कोणी प्रख्यात लेखिका नव्हत्या. मालिकेच्या चाहत्या होत्या, आणि कोणीं न मागतां त्यांनीं आपलें लिखाण पाठविलें होतें. इंग्लंडमध्यें बी.बी.सी.नें यांतील छळाचीं दृश्यें अनुचित ठरवून 1990 च्या दशकापर्यंत हा भाग दाखविलाच नाहीं. मालिकेच्या उत्तम भागांची नांवें निघतात तेव्हां याचें नांव क्वचितच येतें. मात्र डॉक्टर मॅकॉय यांची भूमिका करणारे नट डीफॉरेस्ट केली यांचा सर्वांत आवडता भाग हाच होता.

उपेक्षेचें आणखी एक कारण सांगतात तें असें कीं, या भागांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं. बहुतेक कथा एका काळ्या पोकळींत घडते. भिंती नाहींत, आकाश नाहीं. एक बैठक, थोडीं यंत्रें, आणि सभोंवार अंधार. पाश्चात्य प्रेक्षकाला हें दारिद्र्य वाटलें असेल. आपल्या भागांतील माणसाला तसें वाटण्याचें कारण नाहीं. जत्रेच्या रात्रीं देवळापुढें आपला दशावतार उभा राहतो, तेव्हां रंगभूमीवर एका बांकावांचून काय असतें? तेंच बांक राजाचें सिंहासन होतें, तेंच अरण्यांतील शिळा होतें. पखवाज, झांज आणि पेटी यांच्या साथीवर नट आपल्या शब्दांनीं व मुद्रेनें सारें राज्य उभें करितो, आणि पहांटेपर्यंत आबालवृद्ध जागचे हलत नाहींत. रिकामी जागा पाहणाऱ्याला नटाच्या तोंडाकडे पाहावयास लाविते, हें आपणांस कोणीं शिकवावयास नको. म्हणूनच हा भाग देवगडच्या प्रेक्षकाला अमेरिकेंतल्या प्रेक्षकापेक्षां अधिक लवकर कळेल, असें आम्हांस वाटतें.

आतां कथा थोडक्यांत सांगतों. मिनारा नांवाचा एक तारा लवकरच स्फोट पावणार आहे. त्याच्या एका ग्रहावर दोन शास्त्रज्ञ त्या मरणोन्मुख ताऱ्याचा अभ्यास करीत राहिले आहेत. त्यांना सुखरूप परत आणावें म्हणून 'एंटरप्राइझ' या नौकेचा कॅप्टन कर्क, त्याचा अधिकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय असे तिघे तेथें उतरतात. ताऱ्याच्या निरीक्षणासाठीं दूर देशीं येऊन ठाणें मांडणारे शास्त्रज्ञ आपल्या तालुक्याला परके नाहींत. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं सर नॉर्मन लॉकयर हे इंग्रज ज्योतिर्विद आपल्या विजयदुर्गावर उपकरणें मांडून बसले होते. 'साहेबाचे ओटे' तेथें आजहि दाखवितात. येथें विद्यार्थ्यांसाठीं एक खुलासा करणें अवश्य आहे. मिनाराची गोष्ट ऐकून आपल्या सूर्याविषयीं कोणीं भय बाळगूं नये. ज्याला शास्त्रज्ञ 'नोव्हा' म्हणतात तो स्फोट श्वेतबटु ताऱ्याच्या पृष्ठभागावर, शेजारच्या जोडीदार ताऱ्यापासून ओढून घेतलेल्या द्रव्यामुळें होतो. आपला सूर्य एकटा आहे. त्याचें वय सुमारें 460 कोटी वर्षें असून त्याची शांत अवस्था आणखी सुमारें 500 कोटी वर्षें टिकेल.

तिघे ग्रहावर उतरतात तों दोन्ही शास्त्रज्ञ नाहींसे झालेले. मागें राहिलेल्या चित्रफितींत भूकंपाचा धक्का बसल्यावर त्यांपैकीं एक जण 95 व्या स्तोत्रांतील एक वचन उच्चारतांना दिसतो, आणि पाहतां पाहतां दोघेहि अदृश्य होतात. लवकरच आपले तिघेहि तसेच ओढले जाऊन भूगर्भांतील त्या अंधाऱ्या पोकळींत येऊन पडतात. तेथें एक तरुणी निजलेली आहे. ती बोलूं शकत नाहीं. तिच्या जातीलाच वाचा नाहीं. मॅकॉय तिला 'जेम', म्हणजे रत्न, असें नांव देतो. कर्कच्या कपाळावर जखम झालेली असते. ती भीत भीत त्याच्या कपाळाला हात लाविते. त्याची जखम नाहींशी होते, तिच्या कपाळावर उमटते, आणि क्षणभरानें तेथूनहि मावळते. दुसऱ्याची वेदना स्वतःच्या देहांत ओढून घेऊन ती बरी करण्याची शक्ति तिला आहे.

या पोकळीचे धनी 'व्हियन' नांवाचे दोन प्रगत जीव आहेत. शास्त्रज्ञ त्यांच्याच प्रयोगांत मेलेले आहेत, आणि आपल्या तिघांच्या नांवांच्या नळ्या शेजारीं रिकाम्या उभ्या आहेत. व्हियन प्रथम कर्कचा छळ करितात. जेम त्याला बरा करिते. मग ते कर्कला सांगतात कीं पुढच्या प्रयोगासाठीं दोन सोबत्यांपैकीं एकाची निवड तूंच कर. डॉक्टर गेला तर तो मरण्याचा संभव शेंकडा 87. स्पॉक गेला तर त्याला कायमचें वेड लागण्याचा संभव शेंकडा 93. कर्कवर हा भार पडूं नये म्हणून डॉक्टर त्याला झोपेचें औषध टोंचतो. अधिकार स्पॉककडे येतो, आणि तो स्वतः जाण्याचें ठरवितो. तेव्हां डॉक्टर त्यालाहि निजवितो, आणि आपण होऊन व्हियनांच्या स्वाधीन होतो.

मरणाच्या दारीं पोंचलेला डॉक्टर सांपडतो, आणि तेव्हां साऱ्या प्रकाराचा उलगडा होतो. मिनाराभोंवतीं वस्ती असलेले दोन ग्रह आहेत. त्यांपैकीं एकाच ग्रहावरील लोकांना वांचविण्याचें सामर्थ्य व्हियनांपाशीं आहे. जेमचे लोक वांचविण्यास पात्र आहेत कीं नाहींत, याची ही परीक्षा चालली आहे. दुसऱ्यासाठीं प्राण द्यावयास ती स्वेच्छेनें सिद्ध झाली, तरच ते पात्र. जेम डॉक्टरला हात लाविते, भयानें मागें सरते, पुन्हां पुढें येते. परंतु आपल्यामुळें ती मरेल हें कळतांच डॉक्टर तिला दूर लोटतो. स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं दुसऱ्याचा जीव घेणें त्याच्या व्रतांत बसत नाहीं. तरीहि परीक्षा पुरी झाली नाहीं, असें व्हियन म्हणतात. तेव्हां कर्क त्यांना सुनावतो कीं, जी करुणा तुम्ही या मुलीच्या ठायीं शोधीत आहां, ती तुमच्यापाशींच उरलेली नाहीं. केवळ बुद्धि तेवढी उरली आहे. व्हियन खजील होतात, डॉक्टरला बरा करितात, आणि जेमला उचलून घेऊन जातात.

पहिल्या वेळीं पाहणाऱ्याचें लक्ष साहजिकच छळाकडे आणि सुटकेकडे असतें. दुसऱ्या वेळीं आम्ही जेमकडे पाहत होतों. कॅथरिन हेज या नटीच्या वांट्याला साऱ्या भागांत एक शब्दहि नाहीं. जें आहे तें तिचे डोळे आणि हात यांत आहे. आणि तिचे डोळे सारा वेळ काय करीत असतात? ते या तीन मित्रांना पाहत असतात. एक जण दुसऱ्याच्या ऐवजीं पुढें होतो, दुसरा तिसऱ्याच्या ऐवजीं. प्रत्येकाची खटपट संकट आपल्याकडे ओढून घेण्याची. बरें करण्याची शक्ति जेमच्या अंगीं जन्मतःच होती. मरणभय ओलांडण्याचें धैर्य जन्मतः नव्हतें. तें तिनें या तिघांच्या वागण्यांतून घेतलें. तिला कोणीं उपदेश केला नाहीं, आणि केला असता तरी उत्तर देण्यास तिला वाचा नव्हती. करुणा पाठ करून येत नाहीं. ती कोणाला तरी करतांना पाहूनच येते, हें या भागाचें सार आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, मग व्हियनांची रीत योग्यच ठरली. त्यांच्या प्रयोगामुळेंच तर जेम शिकली. आम्हांस हें मान्य नाहीं. तिला धडा मिळाला तो मित्रांच्या प्रेमांतून; व्हियनांच्या यंत्रांतून मिळाली ती केवळ यातना. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोहोंपैकीं एकालाच वांचवितां येत असेल, तर निवड कोणीं तरी केलीच पाहिजे. मग ती गुण पाहून कां करूं नये? अडचणीच्या प्रसंगीं डॉक्टरांनाहि कोणाला आधीं हात लावावा हें ठरवावें लागतें, हें खरें. परंतु डॉक्टर पाहतो तें दुखणें किती मोठें आहे आणि उपाय कोठें चालेल हें. हा रोगी वांचण्याच्या लायकीचा आहे काय, असा प्रश्न तो विचारीत नाहीं. लूककृत शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायांतील शोमरोनी मनुष्यानें वाटेंत पडलेल्या जखमी वाटसरूची जात, वर्तन वा पात्रता विचारली नाहीं. जखमा बांधिल्या, आणि त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें. आमच्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें आहेत, आणि ही गोष्ट त्या सर्वांना समजते, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या महाराष्ट्रांत याचीं उदाहरणें कल्पित कथेंत शोधावीं लागत नाहींत. 1897 सालीं पुण्यास प्लेग पसरला असतां सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत पोंचविलें. त्यांतच त्यांना रोगाची बाधा झाली, आणि 10 मार्च 1897 रोजीं त्यांचा अंत झाला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धभूमीवर परक्या देशाच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत राहिले, आणि 9 डिसेंबर 1942 रोजीं, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षीं, तेथेंच वारले. यांची परीक्षा कोणीं मांडली नव्हती, आणि त्यांनींहि समोरच्याची परीक्षा घेतली नाहीं.

आतां आमच्या मनाला लागलेली गोष्ट सांगतों. कथेच्या शेवटीं नौकेवर परत आल्यावर यंत्रप्रमुख स्कॉट मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायांतील दृष्टांताची आठवण काढतो. एका व्यापाऱ्याला एक अति मोलाचें मोतीं आढळलें, आणि तें घेण्यासाठीं त्यानें आपलें सर्वस्व विकलें, हा तो दृष्टांत. सारे समाधान पावतात, आणि कथा संपते. परंतु दुसऱ्या ग्रहाचें काय झालें? तेथेंहि लोक होते, त्यांचीं मुलें होतीं, त्यांच्या आकाशांतहि तोच तारा जळत होता. त्यांच्याकडून कोणी परीक्षेला बसलें होतें कीं नाहीं, कथा सांगत नाहीं. करुणेची एवढी थोर कथा, पण तींतील एकहि पात्र त्या दुसऱ्या ग्रहाचें नांव काढीत नाहीं! पहिल्या वेळीं पाहतांना ही उणीव बहुतेकांच्या लक्षांतहि येत नसेल. आणि दृष्टांतांतील व्यापाऱ्यानें मोत्याची किंमत स्वतःच्या गांठचें विकून दिली होती, हेंहि विसरूं नये. व्हियनांनीं आपल्या रत्नाची किंमत दोन शास्त्रज्ञांच्या प्राणांनीं आणि एका डॉक्टरच्या यातनांनीं दिली. स्वतःची कवडीहि वेंचली नाहीं.

हा प्रश्न केवळ ताऱ्यांतला नाहीं. तो आपल्या अंगणांतला आहे. आंब्याच्या दिवसांत आपल्या बागांतून हापुसाची निवड चालते. मोठें, निर्दोष फळ पेटींत जातें. बारीक व डागी फळ कॅनिंगला काढतात. फळांची अशी निवड करावीच लागते, आणि त्यांत कोणावर अन्याय नाहीं. परंतु दहावीचा निकाल लागला कीं हीच नजर आपण मुलांकडे वळवितों. नव्वदांच्या घरांतील मुलाला हार, पेढे, वर्तमानपत्रांत छायाचित्र. पस्तिसांवर अडखळलेल्याकडे त्या दिवशीं घरचीं माणसेंहि सरळ पाहत नाहींत. परीक्षा कोणाला काय येतें हें सांगते, आणि तेवढ्यापुरती ती उपयुक्त आहे. कोण जपण्यास योग्य आहे हें ठरविण्याचा अधिकार तिला कोणींहि दिलेला नाहीं. तो अधिकार ज्या शाळेनें अगर ज्या घरानें तिला दिला, तेथें बुद्धि कितीहि असो, व्हियनांचेंच राज्य चालूं झालें असें समजावें.

म्हणून पालकांस आमची सूचना अशी. हा भाग अगदीं लहान मुलांना दाखवूं नये. त्यांतील कांहीं दृश्यें उग्र आहेत, आणि तेवढ्यापुरता बी.बी.सी.चा संकोच आम्हांस समजतो. परंतु आठवीच्या वरील मुलांबरोबर तो अवश्य पाहावा, आणि त्यांच्या शेजारीं बसून पाहावा. मुलाच्या हातीं मोबाइल देऊन आपण दुसऱ्या खोलींत जाऊं नये, कारण मुलें पडद्याकडे पाहतात तशींच आपल्या तोंडाकडेहि पाहत असतात. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, पहिल्या वेळीं गोष्ट पाहा, दुसऱ्या वेळीं जेमचे डोळे पाहा; आणि तो संपल्यावर आपल्या वर्गाचा पट मनांत आणून, त्यांतील कोणाचें नांव आपण कित्येक दिवसांत घेतलें नाहीं तें आठवा. जो फळ्यापुढें उभा राहिला कीं मुका होतो, जो मधल्या सुटींत एकटाच डबा खातो, जो दोन दिवस आला नाहीं तरी कोणीं चौकशी केली नाहीं, तो त्या दुसऱ्या ग्रहावर राहतो. तेथें जाण्यास नौका लागत नाहीं. उद्यां सकाळीं प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वीं त्याच्या बांकापर्यंत चालत जा, आणि तो लायक आहे कीं नाहीं हें न विचारतां त्याच्या शेजारीं बसा.